चोनसाठी केलेलं टेबल

लिब्रादो चाइरेस सुतार होता. तोर्रेओन शहरातल्या त्याच्या वस्तीत त्याच्याइतकं घट्ट दार दुसरं कोणी बसवत नाही, हे इतरांच्या आधी त्यालाच मान्य होतं. वय चोपन्न, अंगानं सडसडीत, बोलायला तिखट. दोन्ही मुली लग्न होऊन मोन्तेर्रेला गेल्या होत्या. घरात तो आणि बायको ओतिलिया. आणि घरातलाच म्हणावा असा एक मित्र, चोन.

चोन शहरात बस चालवायचा. त्याचं खरं नाव एंकार्नासिओन, पण त्या नावानं त्याला पोलीस आणि पाद्री सोडून कोणी हाक मारत नसे. दोघांची गाठ पडली ती पोरवयात, बाजाराजवळच्या सरबताच्या दुकानात. तिथे एक व्हिडिओ गेमचं टेबल होतं. काचेखाली पडदा आडवा बसवलेला. समोरासमोर बसायचं, नाणं टाकायचं आणि आळीपाळीनं खेळायचं. पुढे दोघांची लग्नं झाली. चोनच्या थोरलीच्या बाप्तिस्म्याला लिब्रादो धर्मपिता झाला, तेव्हापासून ते एकमेकांना ‘कोंपाद्रे’ म्हणू लागले. व्याह्याव्याह्यांत असावा तसा मान, आणि तसलीच थट्टा. दर गुरुवारी संध्याकाळी चोन बस डेपोत लावून थेट लिब्रादोच्या अंगणात यायचा. डोमिनोचा डाव पडायचा, ओतिलिया गोर्दिता, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या, भाजायची.

मग त्या गल्लीत बाल्तासार ओन्तिवेरोस राहायला आला.

बाल्तासारचा बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचा गाळा होता. माणूस एकटा, मितभाषी, कायम इस्त्रीचा शर्ट. त्यानं एक जुनं उभं व्हिडिओ गेमचं यंत्र कुठूनसं मिळवून चालू केलं होतं, आणि ते घराच्या पुढच्या खोलीत ठेवलं होतं. एका गुरुवारी चोन उशिरा आला. पुढच्या गुरुवारी डोमिनो मांडल्यावर निम्म्यातच उठला. त्याच्या पुढच्या गुरुवारी आलाच नाही, आणि लिब्रादोला अंगणात बसल्या जागी गल्लीच्या टोकाकडून त्याचं ते गडगडाटी हसणं ऐकू आलं.

त्या रात्री लिब्रादो जेवला नाही. ओतिलियाच्या लक्षात आलं. ताट उचलताना ती म्हणाली, “म्हाताऱ्या, तुला सवत आली म्हणायची.”

“त्याला कुठं जायचं तिथं जाऊ दे. मला काय करायचंय?”

“मग कान तिकडे कशाला लावून बसलायस?”

लिब्रादोनं नंतर ते यंत्र पाहिलंही. चोननंच आग्रह करून नेलं. बाल्तासारनं खुर्ची दिली, थंड बिअर दिली, पहिली पाळी दिली. लिब्रादोनं यंत्राच्या पेटीवरून हात फिरवला. भुसा दाबून केलेली स्वस्त फळी, कोपरे फुगलेले, खिळ्यांची डोकी वर आलेली. त्याच्या जिवाला जरा बरं वाटलं. तेवढ्यात चोन मित्राच्या पाठीवर थाप मारावी तशी बाल्तासारच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “काय हात आहे या माणसाचा, कोंपाद्रे! मेलेलं यंत्र उठवलं यानं.” आलेलं बरं वाटणं तिथंच संपलं. चोनशी त्याची एवढ्या वर्षांची मैत्री, त्याच्याकडून चोननं कपाटं करून घेतली, पलंग करून घेतला. पण ‘काय हात आहे’ असं तो एकदाही म्हणाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लिब्रादोनं मेस्कीतेच्या फळ्या काढल्या. हे लाकूड आपल्या बाभळीच्या भाऊबंदातलं, रंधा बोथट करणारं. कोणा डॉक्टरच्या जेवणाच्या टेबलासाठी ते राखून ठेवलेलं होतं. डॉक्टरला त्यानं थांबायला सांगितलं आणि सरबताच्या दुकानातलं ते टेबल डोळ्यांसमोर आणून तसंच करायला घेतलं: दोन बाजूंना दोन बैठका, मध्ये काच, दोन्हीकडे दांडा आणि बटणं. एक खिळा नाही, सगळे खाचेचे सांधे. चोननं येऊन पाहिलं तेव्हा तो कितीतरी वेळ सांध्यांवरून बोट फिरवत राहिला. लिब्रादो मनात म्हणाला, आता बघू कोण कुठं हसतंय ते.

राहिला कॉम्प्युटर.

त्यातलं लिब्रादोला ओ की ठो कळत नव्हतं. बाजारात ज्याला विचारावं तो बाल्तासारच्या गाळ्याकडे बोट दाखवायचा. चोननं तर न विचारताच निरोप आणला: बाल्तासार म्हणतो, असल्या जुन्या खेळांना कचेरीतला वापरून टाकलेला छोटा कॉम्प्युटर पुरे, चपटा असतो, टेबलाखाली मावतो, तापतही नाही. पाहिजे तर त्याच्याकडे एक पडूनच आहे.

त्यानं सुचवलाय एवढ्याच कारणानं तो छोटा कॉम्प्युटर लिब्रादोच्या मनातून उतरला. माझ्या टेबलाला याचं टाकाऊ? तो बस पकडून नासास नदीच्या कोरड्या पात्रापलीकडे गोमेस पालासियोला गेला. तिथं बाल्तासारला ओळखणारं कोणी नव्हतं. एका दुकानात काचेच्या पेटीत भलंमोठं धूड होतं, आत तीन पंखे, निळे-जांभळे दिवे. विक्रेत्यानं सांगितलं की यावर जगातला कुठलाही खेळ पळेल. लिब्रादोनं त्याला एकच प्रश्न विचारला: “यापेक्षा भारी आहे का कोणाकडे?” नाही म्हटल्यावर त्यानं ते घेतलं. घरचा कूलर बदलायला बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. उन्हाळा तोंडावर होता. ओतिलिया त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही, आणि बोलली तेव्हा म्हणाली, “आता त्याच दिव्यांपुढे वारा घे.”

धूड टेबलात मावेना. लिब्रादोनं खालची आडवी पट्टी कापली, बाजूच्या फळ्या बाहेर सरकवल्या, खाली आणखी एक पेटी जोडली. स्वतःच्याच सांध्यांवर करवत चालवताना त्याचे दात शिवशिवले. शेवटी जे तयार झालं ते टेबलापेक्षा आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजसारखं दिसत होतं, आणि पाय घालायला जागा उरली नव्हती. पण दिवे फटींतून झळकत होते. त्यानं चोनला गुरुवारचं आमंत्रण दिलं.

चोन आला. सोबत बाल्तासार. हातात गोड पावांची पिशवी.

“म्हटलं, यालाही बघू दे,” चोन म्हणाला.

लिब्रादोनं बाल्तासारच्या हातातली पिशवी घेतली आणि स्टूल दिलं, तेही भिंतीपाशी. दोघे मित्र खेळायला बसले. चोनचं पोट मोठं. गुडघे पेटीला अडल्यामुळे त्याला तिरकं बसावं लागलं. जुन्या टेबलावर समोरच्याची पाळी आली की चित्र त्याच्या बाजूला फिरायचं. इथे ते फिरेना. मग दर पाळीला चोननं उठायचं, टेबलाला वळसा घालायचा, लिब्रादोनं उठून जागा द्यायची. तीनदा असं झाल्यावर चोनला घाम फुटला. तरी तो खेळत राहिला, आणि हळूहळू त्याचा हात बसला. पडद्यावर आकडा चढत गेला. चोन ओठ चावत, तोंडानं आवाज काढत खेळायला लागला, थेट पोरवयातल्यासारखा. लिब्रादो त्याच्याकडे बघत होता. ते सगळं ज्याच्यासाठी केलं होतं ते हेच होतं.

तेवढ्यात पडदा काळा झाला. बंद पेटीत धूड भट्टीसारखं तापलं होतं.

बाल्तासार उठला, त्यानं टेबलाला हात लावून पाहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “मिस्त्री, याला हवा लागते. मागची फळी काढली तर...”

“माझ्या टेबलाला हात लावायचा नाही,” लिब्रादो म्हणाला. “तुझी भुशाची पेटी दुरुस्त कर आधी. आणि दुसऱ्यांची माणसं घरी बोलावून बसवतोस, ते बंद कर.”

बाल्तासारनं स्टूल जागेवर ठेवलं, ओतिलियाला नमस्कार केला आणि निघून गेला. चोन मात्र बसून राहिला. लिब्रादोला वाटलं, जिंकलो.

मग चोन म्हणाला, “मी तिकडे का जातो, सांगू? तिथं मी हरलो तर हरलो. तुझ्याकडे हरलो की तू आठवडाभर बसस्टॉपवर सांगत फिरतोस. माझ्या पोरीच्या साखरपुड्यातसुद्धा सांगितलंस. तुला मित्र नको असतो कोंपाद्रे, हरणारा लागतो.”

“थट्टा करतो मी.”

“माहीत आहे. म्हणून तर इतकी वर्षं येत राहिलो.”

तो गेला. पुढच्या गुरुवारी तो कुठेच गेला नाही, ना इथं ना तिथं. गल्लीच्या दोन्ही टोकांना शांतता होती, आणि ती लिब्रादोला त्या हसण्यापेक्षा वाईट लागली.

शनिवारी सकाळी तो बाल्तासारच्या गाळ्यावर गेला. जाताना तीनदा परत फिरला, तंबाखूच्या दुकानात उगाच थांबला. बाल्तासार एका फोनचं पोट उघडून बसला होता. लिब्रादोला माफी मागता आली नाही. तो म्हणाला, “तो चपटा अजून आहे का?”

बाल्तासारनं मान वर केली. टोमणा येईल म्हणून लिब्रादो तयार होता. पण बाल्तासारनं विचारलं, कुठले खेळ हवेत, आतली मोकळी उंची किती, पडदा कोणत्या बाजूला वळवलाय. लिब्रादोनं बोटांनी मापं दाखवली. बाल्तासारनं ती लगेच टिपली, आणि हा माणूस चांगलाही आहे हे पाहून लिब्रादोला अधिकच डाचलं. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

चपटा कॉम्प्युटर टेबलात सहज बसला, चित्र दोन्हीकडे फिरू लागलं. कापलेले सांधे लिब्रादोनं नव्यानं जोडले. निरखून पाहिलं की ठिगळ दिसतं. धूड बाल्तासारनं एका कॉलेजच्या पोराला विकून दिलं आणि कूलर आला. मोबदल्यात बाल्तासारनं मागितलं एवढंच: त्याच्या यंत्राला नीट लाकडी पेटी. लिब्रादोनं ती पाइनची केली, मेस्कीतेची नाही.

चोनला बोलवायला तो स्वतः बसस्टॉपवर गेला आणि सगळ्यांच्या देखत एवढंच म्हणाला, “ये. मी हरलो तर मीच सगळीकडे सांगत फिरेन.”

आता गुरुवारी तिघं असतात. टेबलाला बैठका दोनच, त्यामुळे एकाला उभं राहावं लागतं. लिब्रादोची उभं राहायची पाळी येते तेव्हा तो गोर्दिता आणायच्या निमित्तानं आत जातो, कारण त्या दोघांना समोरासमोर पाहणं त्याला अजून जमत नाही. परवा असाच आत असताना बाहेर दोघं एकदम खो खो हसले. तव्यापाशी त्याचा चेहरा उतरला. ओतिलियानं पाहिलं आणि ताट त्याच्या हातात दिलं. बाहेर येऊन त्यानं विचारलं, “काय झालं एवढं?”

चोननं खेळ तसाच सोडला, डोळे पुसले आणि म्हणाला, “बस इथं, पहिल्यापासून सांगतो.”