नोंदीतलं नाव

तीन वर्षांपूर्वी, कालव्याला उन्हाळी आवर्तनाचं पाणी सुटलं असताना, बारामती तालुक्यातल्या एका पाणीवापर संस्थेने सुनीताताईंना कामावरून काढलं. त्यांची चूक नव्हती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

कालव्याचं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं, ती पाळी ताई ॲपवर लावायच्या. ॲप मी लिहिलं होतं — इंदापूरला, भाड्याच्या खोलीत, एकट्याने. लॉगिन तपासल्याशिवाय पाळी बदलू द्यायची नाही, एवढा साधा नियम. पण चाचण्या चालवताना लॉगिनच अडायचं. मग मी एक आडवाट ठेवली: लॉगिन नसलं तरी आत सोडायचं, आणि नोंदीला नाव लागतं म्हणून ताईंचं लावायचं. दुसरं वापरणारं होतं तरी कोण? सगळ्या चाचण्या पास झाल्या. संस्थेला ॲप देताना ती आडवाट काढायची राहिली — नाही, राहिली नाही. काढली की चाचण्या नापास व्हायच्या, आणि सोमवारी ॲप दाखवायचं होतं.

महिन्याभरात दत्तूतात्या या शेतकऱ्यांची पाळी दुसऱ्याच्या नावावर गेली. त्यांचा मका वाळत होता. ते संस्थेच्या कार्यालयात आले तेव्हा मीही तिथे होतो.

“सुनीता, माझं पाणी कुणाला दिलंस गं?”

“तात्या, आईशप्पत, मी हात न्हाय लावला.”

“मग काय मशिनला भूत लागलं व्हय?”

लोक हसले. सचिवांनी मला नोंद उघडायला सांगितली. ताईंचं नाव होतं. हा बदल लॉगिनशिवाय झाला, हे त्याच्या खालच्या ओळीत होतं. ती ओळ वाचता येणारा तिथे मी एकटाच.

“दादा, तुमी तरी सांगा की ह्यांना.”

मी काय सांगितलं? “नोंद तुमच्याच नावाची आहे.” — एवढंच. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी आडवाट बुजवली. नवी चाचणी लिहिली: लॉगिनशिवाय पाळी बदलायला गेलं, तर नकार आला पाहिजे. आला. पाळी कुणी बदलली, ते कधीच कळलं नाही. ती ओळ समजेल असं माझ्या ओळखीत इथे कुणी नाही. हे एकटेपण मला सोयीचं पडलं.

मागच्या महिन्यात बारामतीच्या एसटी स्थानकावर ताई दिसल्या. “जेवला का, दादा?” एवढं विचारून लोणी भापकरच्या गाडीत बसल्या.

ॲपवरचं त्यांचं खातं अजून बंद आहे. संस्थेच्या सांगण्यावरून ते मी बंद केलं — आडवाट बुजवल्यानंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी.