तव्याच्या कडेवरची दोन बोटं
बिडाचा तवा तापल्याचा वास आला की मला खेडच्या आमच्या स्वयंपाकघरातली ती सकाळ आठवते. मी रजेवर होतो, आई घावणे घालत होती, आणि प्रयोगशाळेतून फोन आला की तुकडा तुटला. वीजकेंद्रातल्या वाफेच्या नळ्यांसाठी मी बनवलेल्या नव्या पोलादाचा तो वेल्डिंगनं जोडलेला तुकडा तीन वर्षं धगधगत्या भट्टीत वजन पेलत टांगलेला होता, आणि आणखी दोन महिने टिकला असता तर माझं पोलाद पास झालं असतं. मी फोन ठेवला आणि लगेच नाटक सुरू केलं. फोनवरच्या साहेबांचा रडवेला आवाज काढला, तुकड्याची शोकसभा घेतली. आई म्हणाली, "तीन वर्षं लोंबकळत ठेवलास, दमला असेल मेला." त्यावर मीच सगळ्यांत मोठ्यानं हसलो. जहाजाच्या इंजिनरूममध्ये जन्म काढलेले बाबा तेवढे हसले नाहीत. "कुठं तुटला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जोडावर नाही, बाबा. जोडाच्या शेजारी, वेल्डिंगची आच लागून पोलाद मऊ पडतं ना, तिथं." "बरं. आता तव्यावरचा हात काढ." मी खाली पाहिलं. बोलता बोलता माझी दोन बोटं तव्याच्या कडेला टेकली होती आणि मला काहीच जाणवत नव्हतं. बाबांनी मनगट धरून हात कळशीत बुडवला, तरी मी शोकसभा चालूच ठेवली. दुखायला लागलं ते संध्याकाळी. आता दुसरा तुकडा भट्टीत टांगलेला आहे, आणि प्रयोगशाळेचा फोन वाजला की मी आधी माझा हात कुठं आहे ते बघतो, मग हॅलो म्हणतो.