दातांनी ऐकणारे आबा

एक अख्खी नाव मी वैशाखाच्या उन्हात वाळत घातली होती. वय बावन्न, पद मुख्याध्यापिकेचं, अक्कल बालवाडीतली. फळ्या फुगून सांधे मिटावेत म्हणून नावा दुरुस्त करणाऱ्या आबांनी ती मुद्दाम तापीत बुडवून ठेवलेली. ते लेकीकडे पहूरला गेले आणि मला रंगाची घाई! ट्रॅक्टर लावून ओढली बाहेर. चौथ्या दिवशी फळ्यांमधून पलीकडची बाभूळ दिसायला लागली. आबा परतले, नावेभोवती फिरले आणि म्हणाले, "अक्का, हाई नाव शे. पापड नही."

आबा ठार बहिरे. बोलणं ओठांवरून ओळखायचे. पण लाकूड मात्र ऐकायचे, दातांनी. हातभर सागाची काडी दातांत धरायची, दुसरं टोक फळीला टेकवायचं आणि मोगरीने हलकेच ठोकायचं. कुजलेली फळी सापडली की खडूचं वर्तुळ. "कान खोटं ऐकतस," म्हणायचे, "दात नही."

ही शिडाची जुनी नाव आम्ही दोंडाईच्याच्या एका विधवा बाईंकडून घेतली. त्यांच्या यजमानांनी ती गुजरातेतून आणली आणि परसात ठेवली होती. आमच्या ह्यांची नजर महिन्यागणिक अंधूक होत चाललेली. पूर्ण जाण्याआधी एकदा शीड उभारून बंधाऱ्यामागच्या फुगवट्याच्या पाण्यात जायचं, एवढीच त्यांची हौस.

घेण्याआधी बाईंच्या परसात नाव तपासताना आबा एकदम थांबले. मोगरी खाली ठेवली, तरी काडी दातांतच. "मधमा कोनी बठेल शे."

बाईंचा चेहरा उतरला. "हे रोज दुपारी आतच बसायचे," त्या म्हणाल्या. "गेले तेही तिथेच."

मला हसू आलं. शहाणी ना मी! आबांनी नावेला फळी लावली, हात पुढे केला आणि म्हाताऱ्या माणसाला उतरवून घ्यावं तसे पावलापावलाने मागे सरले. दुपारचे दोन, वारा नाही, आणि ती फळी दोनदा वाकली. माझं हसू तिथेच राहिलं. "गयात," आबा म्हणाले. "बठेल मानूस उतरल्याबिगर दुसऱ्यानी बठानं नही."

माझ्या वाळवणानंतर त्यांनी पावसाळाभर सांध्यांत कापूस ठासला, राळ ओतली. रागावले नाहीत. फक्त मी रंगाचा डबा हातात घेतला की काडी उगारायचे. पोळ्याच्या दिवशी नाव पाण्यावर ठेवली. थेंबही आत आला नाही. "दोन दिन तरंगू द्या," म्हणाले. "मंग ऐकस, आनि मंग बठा."

दुसऱ्याच दिवशी दुपारी आबा गेले. नावेतच, शीड बांधता बांधता.

तेराव्यानंतर हे म्हणाले, "अगं, आता काठसुद्धा धूसर दिसतो. चल ना!" मी काठावर गेले आणि कुणी बघत नाही असं पाहून आबांची काडी दातांत धरून नावेला टेकवली. ऐकू काय येणार, नदीच! पण फळीतून पावलं आली. एक लांब, एक आखूड. आतल्या आत, शिडापासून कडेपर्यंत, पुन्हा मागे.

काडी टाकून मी थेट आबांच्या लेकीकडे गेले. ती अजून माहेरीच होती, दारात तांदूळ निवडत. सगळं ऐकून घेतलं, सूप हलवायची थांबली नाही. मग म्हणाली, "मंग आज नका बठू, अक्का. बाबास्ना गुडघा दुखस, उतराले येळ लागस."