सदतीस नंबरची चिठ्ठी

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाकडंतिकडं आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यानंतर किराणाच्या यादीपलीकडे फारसं लिहिलं नाही. माझी मुलगी फोनवर लोकांचे असले अनुभव वाचते आणि मी पोळ्या करत असताना मला ऐकवते. मी दरवेळी म्हणायचे, "बंद कर ते. वाऱ्यानं दार वाजलं असेल." त्यामुळे हे तिला सांगायची लाज वाटते. तिच्याच जुन्या वहीत कोरी पानं होती, त्यावर लिहून ठेवते आहे.

मी एकलहऱ्याला राहते. गेल्या वर्षी नाशिकला एका चौकशी आयोगाच्या ऑफिसात कामाला लागले... झाडलोट, पाणी, चहा. चांदवडकडच्या एका गावात भर सत्कारात एका नेत्याला गोळ्या घातल्या होत्या. गोळ्या घालणारा तिथेच पकडला गेला. पण त्याला स्टेजच्या इतक्या जवळ कोणी सोडलं, हे काही कळत नव्हतं. ते शोधायला सरकारनं आयोग नेमला होता.

कामावर घेताना सचिव वैद्य साहेबांनी एकच विचारलं, "वाचता येतं का?"

मला परक्या माणसाशी बोलताना घाम फुटतो. मान खाली घालून म्हणाले, "चौथी."

"म्हणजे नाहीच," ते म्हणाले. "बरंच झालं. इथले कागद बाहेर जायला नकोत."

खरं तर मला वाचता येतं. हळू येतं, एकेक अक्षर लावत, पण येतं. ते तेव्हाच सांगायला हवं होतं.

हौसाबाई साक्षीला आल्या तेव्हा मी हॉलमध्ये पाण्याचे ग्लास ठेवत होते. त्या चांदवडकडच्याच, झेंडूचे हार करून विकणाऱ्या. सत्काराचा मोठा हार त्यांनीच केला होता, आणि तो घेऊन त्या स्टेजच्या मागच्या फाटकाशी उभ्या होत्या. फाटकावर बिल्लेवाले स्वयंसेवक होते. हौसाबाईंनी सांगितलं, की तो मारेकरी आला, एका स्वयंसेवकानं त्याला अडवलं, तेव्हा आतून कोणीतरी त्या स्वयंसेवकाला नावानं हाक मारून म्हणालं, सोड त्याला, आपलाच आहे.

आयोगाचे वकील एकदम पुढे झाले. "काय नाव घेतलं?"

"ते मला नाय घेता येत, साहेब."

"म्हणजे आठवत नाही?"

"आठवतं की. घरचंच नाव हाय."

"म्हणजे तो माणूस तुमच्या घरातला?"

"नाय ओ. माणूस नाय घरातला."

वकिलांनी हातातला पेन टेबलावर टाकला. "बाई, एक काहीतरी सांगा." हौसाबाईंनी पदराचं टोक दातात धरलं आणि पुढे बोलल्याच नाहीत. कोणीतरी धमकावलं असणार, असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं. टाइप करणाऱ्या रोहिणी मॅडमनी लिहिलं — साक्षीदारास नाव सांगता आले नाही.

त्यानंतर त्या प्रवासभत्त्याच्या खिडकीशी गेल्या. तिथले पगारे भाऊ म्हणाले, "पूर्ण नाव सांगा, आजी. यादीशी जुळवायचंय."

"हौसाबाई."

"त्याच्या पुढं?"

हौसाबाई गप्प.

"मग उखाणा घ्या," पगारे म्हणाले. रांगेतली माणसं हसली. पगारे काही वाईट माणूस नाहीत, त्यांना गंमत सुचली इतकंच. पण हौसाबाई भत्ता न घेताच वळल्या. जिन्यात बसून पिशवी चाचपत होत्या तेव्हा मी माझ्याजवळचे शंभर रुपये त्यांच्या हातात ठेवले.

"पुढल्या तारखेला देते, बाई," त्या म्हणाल्या.

"पुढची तारीख नाही आजी. तुमचं झालं."

"झालं कुठं?" असं म्हणून त्या जिना उतरून गेल्या.

साक्षी संपल्या आणि अहवालाची तयारी सुरू झाली. मला वाटायचं अहवाल म्हणजे बसायचं आणि लिहायचं. तसं नसतं. आतल्या खोलीत लांबलचक टेबल होतं. त्यावर साहेबांनी पुठ्ठ्याची सात कार्डं ओळीनं मांडली, एकेका प्रकरणाचं एकेक. पहिल्यात आयोग का नेमला, दुसऱ्यात त्या दिवशी काय झालं, तिसऱ्यात पोलीस बंदोबस्त, असं. चौथ्या कार्डावर होतं — मारेकऱ्यास साहाय्य झाले काय? सातव्यावर — विचारात न घेतलेल्या साक्षी. प्रत्येक साक्षीदाराची एक पिवळी चिठ्ठी, तिच्यावर नंबर आणि पूर्ण नाव. ती ज्या कार्डाखाली जाईल त्या प्रकरणात ती साक्ष. प्रत्येक गठ्ठ्यावर काचेचं पेपरवेट.

एकदा चहा ठेवताना साहेब आपणहून म्हणाले, "शोभाताई, अहवाल लिहायला दोन महिने पुरतात. काय कुठे ठेवायचं, यातच वर्ष जातं. साक्ष जिथे ठेवली, तेवढंच तिचं वजन." मी मान हलवली. हौसाबाईंची सदतीस नंबरची चिठ्ठी त्यांनी माझ्यासमोरच सातव्या कार्डाखाली ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडायला गेले, तर ती चिठ्ठी चौथ्या कार्डाखाली. पेपरवेटच्या खाली, नीट, सरळ.

माझ्या मनात काही आलं नाही. साहेबांनीच ठेवली असेल. पण ते आल्या आल्या म्हणाले, "ही कोणी हलवली?" आणि परत सातव्यात ठेवली.

त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा तेच.

त्या खोलीच्या किल्ल्या दोनच. एक साहेबांकडे, एक माझ्याकडे. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "ताई, पुसताना चिठ्ठ्या उचलता का?" मी नाही म्हणाले, पण इतकं हळू की मलाच खोटं वाटलं. रोहिणी मॅडम म्हणाल्या, "साहेब, त्यांना वाचता कुठे येतं? नेमकी तीच चिठ्ठी, नेमकी त्याच जागी कशी ठेवतील त्या?" त्या माझी बाजूच घेत होत्या, पण वाचता येतं हे कळलं तर चोर मीच ठरणार होते. नवऱ्याचं वीज केंद्रातलं काम कंत्राटी, तेव्हा बंदच होतं. घर माझ्या पगारावर होतं.

साहेबांनी माझी किल्ली काढून घेतली. संध्याकाळी सगळ्यांसमोर खिडक्या लावल्या, कुलूप घातलं, कुलपावर कागद चिकटवून सही केली. सकाळी सगळ्यांसमोरच तो कागद फाडला. सही जशीच्या तशी होती.

चिठ्ठी चौथ्या कार्डाखाली होती.

पगारे भाऊ दारातूनच मागे सरकले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "टेबल पुसून घ्या ताई," आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मला वाटतं त्यांनाही त्या खोलीत थांबवेना.

टेबलाशी मी एकटीच राहिले. वाकून ती चिठ्ठी वाचली. माझ्या सवयीप्रमाणे एकेक अक्षर लावत. सदतीस. हौसाबाई. मग मधलं नाव. मग आडनाव. शिकलेली माणसं नंबर बघतात आणि पुढे जातात. मला पुढे जाता येत नाही, मला मधलं नाव लावावंच लागतं. ते लावताना मला पगाऱ्यांचा उखाणा आठवला... आणि मग "घरचंच नाव हाय".

त्या घाबरल्या नव्हत्या. त्या फाटकावरच्या माणसाचं नाव आणि त्यांच्या नवऱ्याचं नाव एकच होतं. ते त्या तोंडानं कशा घेणार? मीही लग्नाला वीस वर्षं झाली तरी घेत नाही.

फडकं हातात घेऊन मी किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. बोलावं तर नोकरी. न बोलावं तर उद्या ती चिठ्ठी पुन्हा... शेवटी बाहेर गेले.

"साहेब, सदतीस नंबरचं मधलं नाव वाचा. नवऱ्याचं. तेच नाव आहे त्या माणसाचं. म्हणून त्यांना घेता आलं नाही."

साहेबांनी विचारलं, "तुम्ही वाचलंत?"

"हो साहेब. चौथी झाली आहे माझी."

त्यांनी स्वयंसेवकांची यादी मागवली. त्या नावाचा एकच माणूस निघाला. ते नाव मी इथेही लिहीत नाही, अहवाल अजून बाहेर आलेला नाही.

हौसाबाईंना परत बोलावलं. मी ट्रे घेऊन दाराशी होते. आयोगाचे न्यायमूर्ती स्वतः म्हणाले, "बाई, तुम्ही काही बोलू नका. या कागदावर तुमच्या नावापुढे जे नाव आहे, तेच ऐकलंत का?" हौसाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला. "व्हय." इतकंच. साहेबांनी त्या दिवशी स्वतःच्या हातानं ती चिठ्ठी चौथ्यात ठेवली. त्यानंतर ती हलली नाही, असं रोहिणी मॅडम सांगतात.

मला कामावरून काढलं नाही. पण दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "चहा बाहेरच ठेवत जा, ताई." आतल्या खोलीत मी पुन्हा गेले नाही.

त्या दुसऱ्या साक्षीनंतर परत जाताना हौसाबाई जिन्यात भेटल्या होत्या. मी धीर करून चिठ्ठीचं सांगितलं. त्यांना काही नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "सकाळी हार ओवायला बसले की ते नाव मनात यायचंच. रोज. तोंडानं नाय घेतलं कधी. मनातल्याला काय करू?"

मी यावर खूप विचार केला. चांदवडला एक बाई मनात नाव घेते आणि नाशिकला बंद खोलीत कागद हलतो, हे मला पटत नाही. दुसरं काहीही पटत नाही. एक मात्र माहीत आहे, ती चिठ्ठी हलली नसती तर मी जन्मात तोंड उघडलं नसतं. त्याचा त्रास मला अजून होतो.

हौसाबाईंना या वेळी दोन्ही तारखांचा भत्ता मिळाला होता. पगाऱ्यांनी नाव विचारलंच नाही. आजींनी कमरेची पिशवी सोडली आणि दहादहाच्या नोटा माझ्या हातात एकेक करून ठेवल्या. नोटांना झेंडूचा वास होता. मी म्हणाले, "राहू द्या आजी." तर म्हणाल्या, "मोजून घे."

मी मोजल्या. दहा होत्या, पूर्ण शंभर.

"आता झालं," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.