खळ दिलेली टोपी

आमच्या सोसायटीचे वॉचमन कडुबा एकदा शब्द दिला की फिरवत नाहीत. गुण म्हणून ठीक आहे, पण सोबत राहणाऱ्याच्या डोक्याला ताप. गेल्या वर्षी त्यांची मुलगी सृष्टी सीमेवरच्या दलात भरती झाली. तेही कधी, तर पैठणकडचे पाहुणे तिला बघायला यायचे होते त्याच दिवशी सकाळी तिनं बॅग उचलली. "गेलीस तर बोलणार नाय," असं कडुबा म्हणाले, आणि ती गेली. तेव्हापासून तिचा फोन आला की मध्ये चंपाबाई, म्हणजे कडुबांची बायको. "तिला इचार, जेवती का येळेवर." "आबा इचारतेत, जेवती का." बाप शेजारीच बसलेला आणि फोनचा स्पीकर चालू!

अशा माणसानं डिसेंबरातल्या एका मंगळवारी माझ्या क्रोशाच्या वर्गात पाऊल ठेवलं. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून मी सोसायटीच्या हॉलमध्ये हा वर्ग घेते. माझ्या हातचे रुमाल सिडकोतल्या किती टीव्हींवर होते ते सांगत बसत नाही. आता टीव्हीच इतके चपटे झालेत की रुमाल टाकायला जागा नाही, म्हणून टोप्या शिकवते. कडुबांनी दारात चपला काढल्या आणि सात बायकांपैकी एकीकडेही न बघता म्हणाले, "बाई, मला टोपी शिकायची."

"कोणासाठी?"

"थंडीसाठी."

खरं काय ते चंपाबाईंनी नंतर सांगितलं. सृष्टी जानेवारीत आठ दिवस रजेवर येणार होती आणि इथून थेट लडाखला जाणार होती. बोलायचं तर नाही, शब्द दिलेला. पण पोर बर्फात उघड्या कानांनी उभी राहणार, हेही बापाला सोसवत नव्हतं. तेव्हा ती निघायच्या आत टोपी पुरी व्हायला हवी होती. "तिनं घातली तर बोलतील," चंपाबाई म्हणाल्या. "नाय घातली तर माझा जल्म निरोप पोचवण्यातच जायचा."

शिष्य म्हणून कडुबा म्हणजे निव्वळ वैताग. शहागंजातून आणलेली माझी गुलाबी लोकर त्यांनी चिमटीत चोळली, हुंगली आणि परत ठेवली.

"हिला मेंढराचा वास नाय. ही लोकर न्हवं."

"ही धुतली तरी आटत नाही," मी म्हटलं.

"मेंढराच्या अंगावर कधी नव्हतीच, ती आटंल कशाला?"

पुढच्या मंगळवारी ते एसटीनं पैठणला भावाकडे जाऊन कोकराच्या पहिल्या कातरणीची काळी लोकर घेऊन आले, घरीच हातानं कातलेली. वर्गातल्या चार बायका एकदम शिंकल्या.

साखळी त्यांना लगेच जमली. मुका खांब हा टाका तर पहिल्याच दिवशी. वर्षभर घरात तोच उभा होता. पण खुर्चीत बसवलं की टाके असे आवळायचे की सुई आत जाईना. त्यांची पहिली टोपी फार तर लिंबाला बसली असती. हात सैल सोडा, असं मी दहा वेळा सांगितलं.

"बसून सैल सुटत नाय, बाई," ते म्हणाले. लहानपणी ते मेंढरांमागं चालता चालता सूत कातायचे, त्यामुळे पाय थांबले की हातही अडतात. मग काय, आमचा हा शिष्य हॉलभर फिरत विणू लागला आणि मी मागोमाग टाके मोजत. शेवटी मी त्यांना गेटवर पिटाळलं. तिथं गेट ते पार्किंग फेऱ्या मारताना टोपी झपाझप वाढली.

माप मात्र अडलं होतं. सृष्टी रजेवर आली, गणवेशाची टोपी खुंटीला अडकवून अंघोळीला गेली, तेवढ्यात कडुबांनी त्या टोपीच्या आतून दोरा फिरवून घेतला. सीमेवरच्या जवानाला त्याचा पत्ता लागला नाही, हे देशाच्या दृष्टीनं काही बरं नव्हे.

ती सोमवारी सकाळी निघणार होती. रविवारी सकाळीच कडुबा टोपी घेऊन माझ्या दारात. चेहऱ्यावर असा आनंद मी आधी पाहिला नव्हता. मी टोपी हातात घेतली आणि माझा आनंद मावळला. टोपी पातेल्यासारखी ताठ! बोटानं टिचकी मारली तर वाजली.

"हे काय केलंत?"

"खळ दिली," ते ऐटीत म्हणाले. "चिंचोके भिजवले, कुटले, शिजवले अन् वरून दोनदा चढवली. घोंगडीला देत्यात तशी. वारं आत येत नाय मग."

"अहो, पोरगी ही डोक्यावर घालणार की हिच्यात भात शिजवणार?"

मी चिडले की थांबत नाही. तीस वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवलेत मी. कडुबा एवढंच म्हणाले, "आमच्यात बिनखळीचं कुणाला देत नाय, बाई." मी ऐकलं नाही. टोपी कोमट पाण्यातून दोनदा काढली, पालथ्या पातेल्यावर उन्हात वाळवली. संध्याकाळपर्यंत ती मऊसूत झाली. कडुबांनी ती दाबून पाहिली आणि "बाई म्हणतील तसं" म्हणून खिशात घातली. मला वाटलं, पटलं.

सोमवारी रिक्षा गेटपाशी लागली तेव्हा मीही खाली गेले. टोपीचं कौतुक ऐकायला गेले, खोटं कशाला बोलू? सृष्टी आईच्या पाया पडली, मग बापाच्या. कडुबांनी टोपी काढून चंपाबाईंपुढे धरली. "तिला दे."

चंपाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "मी नाय. तुमाला हात हायेत की."

मग रिक्षाच्या चाकाकडे बघत कडुबांनी टोपी लेकीपुढे केली. सृष्टीनं ती घेतली, कानांवरून ओढली. नेमकी बसली. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तिनं टोपी चाचपली, काढून नाकाशी नेली, आणि तिचा चेहरा उतरला.

"आबा, खळ नाय दिली? परक्याला बी बिनखळीचं देत नाय तुमी." तिचे डोळे भरले. "एवढा राग हाय व्हय अजून?"

मला कुठं तोंड लपवावं कळेना. समोर वॉचमनच्या केबिनमध्ये कडुबांची ताठ घोंगडी पसरलेली होती. तिच्यावर बसून या पोरीनं दहावीपर्यंतचा अभ्यास केला होता, तोही माझ्या डोळ्यांदेखत.

कडुबांनी माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. वर्षभर पाळलेला शब्द त्यांनी तिथंच मोडला.

"दिली होती, पोरी. दोनदा दिली होती. ह्या बाईंनी धुऊन टाकली."

वर्षानं बाप लेकीशी बोलला आणि पहिलंच बोलणं म्हणजे माझी चहाडी. सृष्टी रडता रडता हसायला लागली. रिक्षावाला म्हणाला, "चलो ताई, गाडी छूट जाएगी." "चुकलं गं माझं," मी म्हणाले, आणि मला ते मनापासून वाटत होतं.

टोपी पुन्हा कानांवर ओढून ती रिक्षात बसली. रिक्षा हलली तसे कडुबा तिच्याबरोबर चालू लागले. चालायला लागले की त्यांचं सगळं सैल सुटतं.

"येळेवर जेवत जा," ते थेट तिलाच म्हणाले. "दुसरी करून धाडतो, चांगली खळ देऊन. ती बाईंना दावणारच नाय."