एका चांदणीत सगळे लॉज

तुळजापुरात मी लॉजवाल्यांच्या वेबसाइट बनवतो. म्हणजे काय, तर खोलीचा फोटो असा टाकायचा की पलंगामागची ओल दिसू नये. मुख्य पत्ता माझा एकच. त्याच्याआधी टिंब देऊन प्रत्येक लॉजचं नाव. आणि सगळ्यांना मिळून एकच वाइल्डकार्ड सर्टिफिकेट. त्यात नावाच्या जागी चांदणी, म्हणजे * ही खूण, टाकली की साऱ्या साइटना सुरक्षित असल्याचा शिक्का. हे मी गिऱ्हाइकांना अशा थाटात सांगायचो, जणू चांदणी मीच शोधून काढली.

त्यातल्या एका लॉजच्या दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. खालचा मजला थोरल्याला, वरचा धाकट्याला, जिना सामाईक. साइटचा पत्ता थोरल्याकडं राहिला. धाकटा म्हणाला, "वडिलांनी ठेवलेलं नाव म्या सोडणार न्हाय. त्याच्याच आधी टिंब देऊन माझं नाव टाका." टाकलं. सर्टिफिकेटचं काय? "अहो, चांदणी आहे, नातवंडापर्यंत पुरते!" मी म्हणालो. तपासताना माझ्या ब्राउझरनं इशारा दिला होता. पण आम्ही पडलो जाणकार, आम्ही कुठं इशारे वाचतो? 'तरीही पुढे जा' दाबलं.

चांदणी एकच पायरी उतरते. मुख्य पत्त्याच्या लेकराला, म्हणजे लॉजच्या नावाला, चालते; त्याच्याही आधी टिंब देऊन जोडलेल्या नातवाला नाही. ऐन नवरात्रात धाकट्याची साइट उघडली की लाल त्रिकोण यायचा: कुणीतरी तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असावं. भाविकांनी खोल्या दुसरीकडं घेतल्या. 'कुणीतरी' म्हणजे कोण, हे धाकट्याला विचारावं लागलं नाही. भर जिन्यात, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत, त्यानं थोरल्याला चोर म्हटलं.

मी त्याच दिवशी धाकट्याच्या पत्त्याचं वेगळं सर्टिफिकेट काढलं. फुकटात, पाच मिनिटांत. त्याला 'सर्व्हरचं काम चालू होतं' असं ठोकून दिलं. काम कसलं, डोंबल! चूक माझी होती हे सांगायला मला दोन दिवस लागले. नुसती लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी दोघांना माझ्या दुकानात बोलावून कबूल केलं. धाकटा माझ्यावर लई तापला, ते बरोबरच होतं. मग भावाकडं न बघता पुटपुटला, "दादा, चुकलं माझं."

थोरल्यानं चपला घातल्या आणि मला म्हणाला, "चोर म्हणला तवा ऐकायला अख्खं लॉज होतं, साहेब. चुकलं म्हणतोय, तर इथं तुम्ही एकटेच."