विटेला टेकवलेला मोबाइल

शेळीच्या खोकल्यापासून देशाच्या राजकारणापर्यंत कशावरही न थांबता बोलणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच, तो म्हणजे माझे बेंबळीचे मामा. उंची देताना देवानं हात आखडता घेतला आणि ती कसर जिभेत भरून काढली. माझ्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांना करडांचे जंत इतके मन लावून समजावले, की पंगत खोळंबली.

हे सगळं ऐकून घेणारे हक्काचे श्रोते म्हणजे त्यांचे बालमित्र, गावातले शिंपीकाका. मामांचे शेळीपालनावरचे छोटे व्हिडिओ काढायला त्यांनीच सुरुवात केली. काका मशीनवर, मामा समोर स्टुलावर, मोबाइल मामांच्या डोळ्यांच्या रेषेत. मध्येच काका विचारत, "मग बोकडाला काय द्यायचं?" आणि मामा त्यांच्याकडं बघून सांगत. बघणाऱ्याला वाटे, हे आपल्याशीच बोलतायत. नळदुर्गच्या धाब्यावर एका ट्रक ड्रायव्हरनं मामांना ओळखून चहा पाजला. त्या चहाची गोष्ट वर्षभर पुरली.

मग कुणीतरी सांगितलं, खालून घेतलं की माणूस उंच दिसतो. झालं! मामांनी मोबाइल जमिनीवर विटेला टेकवला आणि पुढं उभे राहिले. आधी हनुवटी, मग नाकपुड्या आणि फार वर कुठंतरी डोळे. सल्ला तोच, पण आता फौजदार दम देतोय असं वाटायचं. बघणारे हळूहळू पांगले.

काका एवढंच म्हणाले, "लई वरून बोलाय लागलास गड्या. माझ्याकडं बघून सांगायचास, तेच बरं हुतं."

"माझी उंची बघवंना व्हय रं तुला?" मामा म्हणाले.

चेष्टेतच म्हणाले असतील. काकांनी मान खाली घालून कापड कापायला घेतलं. त्यानंतर मामा दुकानात गेले नाहीत आणि काकांनीही बोलावलं नाही. पुढं काका दुकान बंद करून मुलाकडं पुण्याला गेले, तेही मामांना एसटी सुटल्यावर कळलं.

परवा गेलो तेव्हा मामांनी एक व्हिडिओ दाखवला, फक्त काकांना पाठवलेला. मोबाइल डोळ्यांसमोर धरला होता. "माझं चुकलं गड्या. ये एकदा."

"बघितला का त्यांनी?" मी विचारलं.

"न्हाय अजून. पोराच्या घरात रेंज नसंल."

"पुण्यात रेंजचं तसंच आहे, मामा," मी म्हणालो.